सुमानच्या सहा जोड्या

केळीचं पान आचेवर धरलं की आधी काहीच होत नाही. मग एकदम एक चमक पानावरून सरकत जाते आणि मघाशी बोट लावताच फाटणारं पान धुतलेल्या कापडासारखं मऊ पडतं. ती चमक कुठवर आली यावर डोळा ठेवायचा आणि पान हळूहळू पुढे न्यायचं. जरा रेंगाळलं की करपतं. माझी पहिली चार पानं करपली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाने नवं काही शिकायला घेतलं तर चार पानं करपणारच, त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

मंडळाच्या दिवाळी अंकाची संपादिका फोनवर म्हणाली, "काका, काहीतरी लाइट द्या. जुन्या गणपतींच्या आठवणी वगैरे." यंदाच्या गणपतीत माझ्या स्वयंपाकघरात जे झालं त्याची चर्चा तिच्याही कानावर असणार. मुलगी सभ्य आहे, तिने विचारलं नाही. म्हातारा एकटा राहून बिघडला, असं काहींचं मत आहे. असू दे. पण या गोष्टीची सुरुवात यंदा झालेली नाही, पंधरा वर्षांपूर्वी झाली, आणि तेव्हा मी चांगला शुद्धीवर होतो. हा लेख छापायचा नसेल तर छापू नका. मी त्याच्या प्रती काढून पुढच्या वर्षी आरतीच्या पुस्तकांबरोबर वाटेन.

ऑगस्ट सरत आला की शुगर लँडची, आमच्या या अमेरिकन उपनगराची, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर बसते. सकाळी सातला दार उघडलं तरी चष्म्यावर वाफ धरते. दक्षिणेकडच्या गल्फच्या समुद्रात कुठेतरी वादळ गोळा होत असतं, टीव्हीवर त्याचा पांढरा भोवरा फिरत असतो, लोक पाण्याच्या बाटल्यांचे खोके गाडीत भरत असतात, आणि त्याच गाड्यांच्या डिकीत कुणाकुणाचे गणपतीही घरी येत असतात. दुपारी आभाळ काळं होतं, अर्धा तास धो धो पडून जातं आणि मग रस्त्यांवरून वाफा निघतात. या हवेत जास्वंद वेड्यासारखी फुलते आणि केळी रातोरात वाढतात. केळी आमच्या नाहीत, शेजारच्या लूर्देसच्या. कुंपणाला लागून ओळीने लावलेल्या. काही वर्षांपूर्वीच्या त्या गोठलेल्या हिवाळ्यात सगळ्या काळ्या पडून आडव्या झाल्या होत्या. मला वाटलं, संपल्या. वसंतात त्याच जागी कोंब उभे होते.

लूर्देस फिलिपिन्सची. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तीस वर्षं काम केलं तिने. मेणातून एकेक दात कोरणारी बोटं. नलिनी, माझी बायको, म्हणायची की असे हात मोदकाला मिळायला हवे होते. लूर्देस तिला 'आते नलिनी' म्हणे. त्यांच्या भाषेत थोरल्या बहिणीला आते आणि थोरल्या भावाला कुया. तेव्हा मी तिचा कुया होतो.

त्या वर्षी नलिनीला पातोळ्यांची फार ओढ लागली होती. ती सावंतवाडीकडची. तिच्या माहेरी हळदीच्या पानात तांदळाचं पीठ थापून, आत गूळखोबरं भरून, वाफवून पातोळ्या करतात. इथे हळदीचं पान मिळेना. एका दुपारी कुंपणाशी उभं राहून ती लूर्देसला हे सांगत होती तेव्हा लूर्देसने तिच्या हाताला धरून घरात नेलं आणि फ्रिजमधून एक हिरवी पुडी काढून दिली. केळीच्या पानात चिकट तांदूळ, नारळाच्या दुधात शिजवलेला, किंचित गोड, किंचित खारट. सुमान. दोन-दोन पुड्या पोटाला पोट लावून पानाच्याच पट्टीने बांधलेल्या. सुमान एकटा बांधत नाहीत, जोडीनेच बांधतात. नलिनी घरी आली ती मोकळं झालेलं पान नाकाशी धरून. मला म्हणाली, "अहो, वास घेऊन बघा. अगदी आमच्या ओसरीवरचा."

मी वास घेतला. खोटं कशाला सांगू, मला फक्त पानाचा वास आला.

तो सगळा श्रावण तिने लूर्देसच्या स्वयंपाकघरात काढला. कधी तांदूळ भिजवून वाटून त्याच्या चपट्या चकत्या करून उकळत्या पाण्यात सोडायच्या, त्या शिजल्या की आपोआप वर येतात, मग खोबऱ्यात घोळवायच्या. कधी गुळाच्या पाकात चिकट भाताचा थर लावून वर नारळाचं दूध आटवून उरलेला तपकिरी चुरा पेरायचा. दुपारच्या पावसात लूर्देसच्या खिडकीच्या काचा आतून धुरकटलेल्या असायच्या आणि कुंपणापलीकडून नलिनीच्या हसण्याचा आवाज यायचा. मी इकडे बसून मंडळाच्या मीटिंगचे ईमेल लिहीत असे. ते हसणं आमच्या घरात कधी असं ऐकू आलेलं मला आठवेना, आणि त्याचा मला राग येई. हेही आजच लिहून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते नुसत्या सोवळ्यापायी केलं असं म्हणणं फार सोयीचं होईल.

नलिनीने ठरवलं की यंदा गणपतीला मोदकांबरोबर पातोळ्यांच्या जागी लूर्देसचे सुमान ठेवायचे. लूर्देसला तिने नियम सांगितले. अंघोळ करून करायचं, भांडं कोरं हवं, आणि देवाला दाखवेपर्यंत चाखायचं नाही. लूर्देसने सगळं मान्य केलं. मी त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष होतो. आमच्या घरी चतुर्थीला चाळीस माणसं जेवायला होती.

चतुर्थीच्या सकाळी मी पूजेसाठी कुंपणाशी जास्वंद तोडत होतो. समोर लूर्देसच्या स्वयंपाकघराची खिडकी. ती चुलीशी उभी होती आणि मी बघत असताना तिने चमचा पातेल्यात घातला, फुंकर मारली आणि तोंडात घातला. डोळे मिटून चव घेतली. मी हातात फुलं घेऊन तसाच उभा राहिलो. मनात पहिला विचार देवाचा आला नाही. देवस्थळी वहिनींचा आला. त्या मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ, आणि आमच्या नैवेद्याच्या ताटातला पदार्थ कुठून आला हे त्या विचारणारच होत्या.

थोड्या वेळाने लूर्देस मागच्या दाराने येऊन डबा देऊन गेली. नवा कोरा स्टीलचा डबा, लेबलचा डिंकही नीट निघालेला नव्हता. आत सहा जोड्या. नलिनी साडी बदलायला वर गेली आणि मी डबा उचलून गॅरेजमध्ये गेलो. मखराच्या थर्मोकोलचे तुकडे बाजूला केले, डबा कचऱ्याच्या डब्यात उलटा केला, तुकडे पुन्हा वर लोटले. ताटात पेढे मांडले. मी लूर्देसला विचारलं नाही. नलिनीलाही नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मला ते नको होतं.

दुपारी नलिनीने विचारलं तेव्हा सांगितलं की तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा नैवेद्य दाखवला आणि पहिल्याच पंगतीत सगळे संपले. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

लूर्देस नवऱ्याला आणि मुलांना घेऊन आरतीला आली होती. तिच्याकडे होता त्यातला सर्वांत चांगला ड्रेस घालून. तिची नजर ताटावर गेली, पेढ्यांवर थांबली. जेवणं झाल्यावर ती कुणी न सांगता उष्ट्या प्लेटा गोळा करायला लागली, हा तिचा स्वभाव. पिशवी घेऊन गॅरेजमध्ये गेली. मी मागोमाग गेलो, पण पोचेपर्यंत तिने झाकण उघडलेलं होतं. थर्मोकोल हलला होता. खाली हिरव्या जोड्या दिसत होत्या, तशाच बांधलेल्या. कुणी एक सोडूनसुद्धा पाहिली नव्हती.

ती इंग्रजीत हळूच म्हणाली, "आते नलिनीने टाकले?"

आता नीट वाचा, कारण एवढ्यासाठीच हा लेख आहे. मी म्हणालो, "तिच्या माहेरचे नियम फार कडक आहेत. मनावर घेऊ नकोस."

टाकण्याचं पाप एकवेळ भीतीच्या खात्यात घालता येईल. हे वाक्य कशात घालू? ते बोलताना मला भीती नव्हती. ते सहज आलं. इतकं सहज की मी आत जाऊन सर्वांना विडे दिले.

दुसऱ्या दिवशी नलिनीने तो डबा घासून, रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात अकरा मोदक भरले आणि लूर्देसच्या दारात गेली. जाऊन काय सांगितलं असेल ते उघड आहे. तुझे सुमान पहिल्या पंगतीत संपले, सगळ्यांना फार आवडले. कचऱ्यात आपले सुमान डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला तिने हे हसत हसत, मनापासून सांगितलं. लूर्देसने डबा घेतला आणि दार लावलं.

त्यानंतर दोघींत फक्त हाय-बाय राहिलं. आमच्या बाजूला झुकलेली केळीची पानं लूर्देस वेळच्या वेळी छाटून टाकू लागली. नलिनीने सणांना दोन-तीनदा काहीबाही पाठवून पाहिलं, मग थांबली. मी लूर्देससाठी कुयाचा मिस्टर झालो. नलिनीने मला बारा वर्षांत तीनदा विचारलं असेल. शेवटचं हॉस्पिटलमध्ये, नळ्या लावलेल्या असताना. "अहो, माझं काय चुकलं हो? तुम्हाला काही बोलली का ती?"

मी म्हणालो, "नाही गं. तिचा स्वभावच तसा."

तिला जाऊन तीन वर्षं झाली. फ्युनरलला लूर्देस आली होती. अगदी मागे उभी होती, आणि कुणाला न भेटता गेली.

या वर्षी उन्हाळ्यात मी नलिनीची पाककृतींची वही उघडली. तोवर हात लावला नव्हता. प्रमाणांच्या मध्ये मध्ये ती मनातलं लिहीत असे. सुमानच्या पानावर असं होतं: "नैवेद्याच्या पातेल्यात चमचा घालायचा नाही असं सांगितलं. ल. म्हणाली, मग मीठ कळणार कसं? मी म्हटलं, अंदाजाने. तिला ते पटेना. म्हणाली, मुलांसाठी दुसरं पातेलं लावते, तेच प्रमाण, तेवढाच वेळ. ते चाखून नैवेद्याचं ओळखते. नैवेद्याच्या पातेल्याशी जाताना हात पाठीमागे बांधून घेते, लहान मुलासारखी. हसू आलं, आणि बरंही वाटलं."

मी ते चार-पाच वेळा वाचलं. मग वही मिटून अंगणात गेलो आणि कुंपणाशी, जिथून जास्वंद तोडली होती, तिथे उभा राहिलो. तिथून लूर्देसची चूल अर्धीच दिसते. मला दिसलं ते मुलांचं पातेलं, नैवेद्याचं भिंतीआड.

पण यात मला पळवाट शोधायची नाही. तिने नैवेद्यच चाखला असता तर मी बरोबर ठरलो असतो का? ऑफिसच्या पार्ट्यांत बीफ ब्रिस्केट आणि बिअर घेणारा मी, वर्षातून एक दिवस सोवळं नेसून कुणाच्या तोंडचा चमचा बघत होतो. ज्यांना माझं हे बोलणं रुचणार नाही त्यांनी आपल्या फ्रिजचं दार एकदा उघडून बघावं.

दूर उत्तरेकडच्या ट्रॉयहून आमची मुलगी अनघा रोज फोन करते. तिला सांगितलं की मी लूर्देसला सगळं सांगणार आहे आणि मंडळालाही. ती म्हणाली, "बाबा, व्हाय नाऊ? आई इज गॉन. तुला तिथे सगळे इतकं रिस्पेक्ट करतात." मी म्हटलं, तोच तर प्रॉब्लेम आहे. ती म्हणाली, "यू आर बीइंग स्टबर्न." होय, आहे. चुकीच्या बाजूने पंधरा वर्षं हट्टी राहिलो, थोडा योग्य बाजूनेही राहून बघतो.

आधी सुमान करायला शिकलो, दुकानातल्या गोठवलेल्या पानांत, ती शेकावी लागत नाहीत. वहीत सगळं होतं, तरी मी आपल्या घरचं डोकं चालवलं. चिकट तांदूळ पाणी नितळ होईतो सात वेळा धुतला, पसरून वाळवला, आणि नारळीभाताला घेतात तसा तुपात लवंगेवर परतून घेतला. भाताचं शीत सुटं झालं पाहिजे हे आपल्या हाडीमाशी असतं. आमच्या घरी गिचका भात झाला तर स्वयंपाक करणारी बाई दिवसभर कुणाशी बोलत नसे. तर माझा सुमान पान उघडताच छर्र्यांसारखा ताटभर सांडला. चिकटपणा हाच ज्याचा गुण, तो मी धुऊन, परतून घालवला होता. दुसऱ्या वेळी धुतला एकदाच, तूप लावलं नाही. नारळाच्या दुधात तो जड होत गेला, चमचा ओढायला लागला, मनगट दुखलं. जमला.

मग लूर्देसकडे गेलो. हातात काही न घेता. काही नेलं असतं तर तिला ते घ्यावं लागलं असतं आणि माझं काम सोपं झालं असतं. ती अंगणात केळीची वाळकी पानं काढत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, खिडकी, गॅरेज, ते वाक्य, अकरा मोदक, हॉस्पिटल. माफी हा शब्द वापरला नाही, ती मागण्याचा मला हक्क नाही.

तिने हातातला कोयता खाली ठेवला. म्हणाली, "तिच्या फ्युनरलला मागे उभी होते तेव्हासुद्धा मी तिच्यावर रागावलेली होते." मग म्हणाली, "तुम्ही मला सांगितलंत. तिला कोण सांगणार?"

  ती आत गेली आणि दार लावलं.

तीन दिवसांनी सकाळी माझ्या पडवीतल्या टेबलावर केळीच्या पानांचा जुडगा होता. पुसलेली, मधल्या शिरा काढलेली, एका मापाची पानं. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही. चार करपवली, उरलेली ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. चतुर्थीची आरती बाराला आहे एवढं एका कागदावर लिहून तिच्या दाराखालून सरकवलं.

आता यंदाच्या चतुर्थीची गोष्ट, जी तुम्ही निरनिराळ्या तोंडून ऐकली आहे. मी नवस फेडत होतो, माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे, लूर्देसने मला तिच्या चर्चला नेलं, यातलं काही झालेलं नाही. झालं ते असं.

सकाळी दहाला देवस्थळी वहिनी मोदकांना मदत करायला आल्या होत्या. त्या आता पंच्याऐंशीच्या आहेत, पाकळ्या अजून एकसारख्या काढतात. मी सुमानचा भात नुकताच उतरवला होता, पानं शेकून ठेवली होती, बांधायचं बाकी होतं. मागच्या दारावर टकटक झाली. लूर्देस. आत येऊन तिने आधी पानं पाहिली, एक उचलून उजेडात धरलं. मग पातेल्यापाशी आली.

"मीठ?" तिने विचारलं.

"अंदाजाने घातलंय."

"दुसरं पातेलं?"

"लावलं नाही."

तिने मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन बांधून घेतले.

वहीत वाचलं होतं, पण पाहिलं नव्हतं. पासष्टीची बाई, पांढरे केस, हात पाठीमागे, माझ्या देवाच्या पातेल्यासमोर. मी चमचा घेतला, पातेल्यात घातला, भात उचलून फुंकर मारली आणि तिच्यापुढे धरला. म्हणालो, "चाख."

वहिनींचे हात थांबले. "अरविंदराव, देवाचं आहे हो ते."

"माहीत आहे, वहिनी."

"मग नैवेद्य कसा होईल?"

"होईल. नाही झाला तर माझ्या नावावर. आणि एक सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी याच बाईने न चाखता केलेला नैवेद्य मी कचऱ्यात टाकला होता. नलिनीला माहीत नव्हतं. नलिनीने टाकला असं हिला सांगितलं ते मी."

 वहिनींनी हातातला अर्धा मोदक ताटात ठेवला आणि हात धुवायला गेल्या. त्या परत आल्या की नाही हे विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा. त्या दिवशी कुणी प्रसाद घेतला आणि कुणी रुमालात गुंडाळून नेला याची मी नोंद ठेवलेली नाही. पुढच्या वर्षीही माझ्याकडे चतुर्थीला हाच नैवेद्य असेल आणि तो असाच होईल. यायचं त्यांनी यावं.

लूर्देसला आमचं मराठी कळलं नसेल. तिला माझ्या हातातला चमचा दिसत होता. तिने पाठीमागचे हात सोडले, चमचा माझ्या हातातून घेतला आणि तोंडात घातला. डोळे मिटले, पंधरा वर्षांपूर्वी खिडकीतून पाहिले होते तसेच. मग उघडले.

"मीठ कमी आहे, कुया," ती म्हणाली.

मी मीठ घातलं.